जुना लाकडी प्लेट कॅमेरा पुन्हा चालता करायचा तर

जुना मोठा लाकडी कॅमेरा हातात आला की हात शिवशिवतात आणि बहुतेक जण पहिलं काय करतात तर पितळ घासायला घेतात. म्हणजे आधी कळस मग पाया. पितळ चकचकीत, लाकूड झकास, शोकेसमध्ये ठेवायला एकदम मस्त, पण फिल्म घालून फोटो काढला की सगळा निगेटिव्ह धुरकट आणि फोकस भलतीकडेच. फोटो काढायचा असेल तर या कॅमेऱ्याकडून तीनच गोष्टी हव्या असतात. आत नको तिथून उजेड शिरता कामा नये, पुढची लेन्सची पाटी आणि मागची घशी काच (जिच्यावर चित्र बघून फोकस करतात ती) घट्ट आणि एकमेकींना समांतर उभी राहायला हवी, आणि काचेवर जिथे फोकस केला बरोब्बर तिथेच फिल्म यायला हवी. बाकी सगळी सजावट. सजावटीला माझा विरोध नाही, पण ती शेवटी, आणि खरं सांगायचं तर नाही केली तरी चालतं.

अजून एक आधीच सांगून ठेवतो, मूळ कॅमेऱ्यात कापाकापी नाही. जे काही नवीन बसवायचं ते वेगळ्या तुकड्यावर बनवायचं आणि कॅमेऱ्याच्या आहे त्या खाचांत, आहे त्या स्क्रूंवर बसवायचं, म्हणजे उद्या काढून टाकलं की कॅमेरा होता तसा. यात भावनिक काही नाही, जुनं मॅहोगनी किंवा सागवान एकदा चुकीचं कापलं की तसा तुकडा परत मिळत नाही, आणि वेगळा बनवलेला तुकडा बिघडला तर दुसरा बनवता येतो, एवढंच.

आता आधी कॅमेरा कुठल्या मापाचा आहे ते बघा. हे कॅमेरे फिल्मऐवजी काचेच्या प्लेटवर फोटो काढायला बनवलेले, त्यामुळे मापंही प्लेटची. ब्रिटिश कॅमेरा असेल तर बहुतेक फुल प्लेट म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंच, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा, नाहीतर क्वार्टर प्लेट म्हणजे सव्वातीन बाय सव्वाचार. नावावर जाऊ नका, हाफ प्लेट ही फुल प्लेटच्या बरोब्बर अर्धी नसते. युरोपातला असेल तर ९ बाय १२, १३ बाय १८ किंवा १८ बाय २४ सेंटिमीटर. मागच्या घशा काचेची चौकट मोजा, आणि सोबत प्लेट होल्डर (प्लेट उजेडापासून झाकून कॅमेऱ्यात बसवायच्या चपट्या पेट्या) आले असतील तर त्यांच्या आतलं माप घ्या, तेच खरं. लाकडी होल्डर पुस्तकासारखे उघडणारे असतात, दोन प्लेट मावतात, आणि बऱ्याचदा प्रत्येकावर नंबर ठोकलेला असतो. ते होल्डर आले असतील तर जपून ठेवा, नसतील तरी रडत बसायचं कारण नाही, त्यावर खाली येतोच.

खोलायला घेण्याआधी मोबाईलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा, प्रत्येक बिजागरी, प्रत्येक खटका, कुठला स्क्रू कुठे. मग पुठ्ठ्यावर कॅमेऱ्याचं कच्चं चित्र काढा आणि काढलेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवा, कारण जुन्या कॅमेऱ्यात एकसारखे दिसणारे स्क्रू एकसारखे नसतात, लांबी किंचित कमीजास्त असते आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की पलीकडून लाकूड फोडून बाहेर. पितळी स्क्रू मऊ असतात त्यामुळे स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसणारं हवं, रुंदीलाही आणि जाडीलाही, नाहीतर खाच सोलली म्हणून समजा. आधी टाचणीने खाचेतला मळ आणि जुनं पॉलिश काढा. हलत नसेल तर सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा, थंड होऊ द्या, मग आधी जरासा आवळायच्या दिशेने आणि मग सोडवायच्या दिशेने. बहुतेक वेळा सुटतो. आणि जो भाग नीट चालतोय तो खोलूच नका, फुकटचा उपद्व्याप आहे.

लाकडाचं काम दिसतं मोठं पण असतं थोडं. आधी जेमतेम ओलसर फडक्याने सौम्य साबण लावून मळ काढा, मेणाचे थर असतील तर टर्पेंटाइन. बुरशी असेल तर मास्क लावून मोकळ्या हवेत झटका. मग एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून बघा, चिकट झालं तर जुनं लाखेचं पॉलिश आहे, आणि जुन्या कॅमेऱ्यांवर बऱ्याचदा तेच असतं. ही चांगली बातमी कारण लाखेचं पॉलिश खरवडावं लागत नाही, स्पिरिटमध्ये विरघळवलेली पातळ लाख मऊ कापडाच्या गादीने हलक्या हाताने फिरवली की जुना थर आणि नवा थर एकजीव होतो. पॉलिश पेपर मात्र लांब ठेवा. कडा गोल होतात, मेकरचा शिक्का पुसट होतो आणि मुख्य म्हणजे सरकणाऱ्या पट्ट्या थोड्याशा बारीक झाल्या की पुढची चौकट डुगडुगायला लागते, मग ती कायमची डुगडुगते.

सांधे सुटले असतील तर ते सरसाने जोडलेले असतात, त्यामुळे जुना सरस कोमट पाण्याने भिजवून काढा आणि नवीन सरसच लावा. इपॉक्सी लावायचा मोह होतो, पण इपॉक्सीचा सांधा पुढे कधी सोडवायचा झाला तर लाकूड फुटतं, सांधा सुटत नाही. बारीक चीर असेल तर सिरिंजने पातळ सरस आत सोडायचा आणि क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायचं. स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर कडक लाकडाची बारीक काडी सरस लावून आत ठोका, वाळल्यावर कापा आणि बारीक ड्रिलने नवीन भोक पाडा. सरकणाऱ्या पट्ट्या अडत असतील तर तेल नको, तेलाने लाकूड काळं पडतं आणि धूळ धरून ठेवतं, त्यावर मेणबत्ती घासा, काम झालं.

पितळाचं थोडक्यात. जुन्या पितळावर सोनेरीसर लॅकरचा थर असतो, तो शाबूत असेल तर साबणाचं पाणी पुरे, पॉलिशची पेस्ट लावली की लॅकर जातं आणि मग ते पितळ दर थोड्या दिवसांनी काळवंडणार. हिरवा कळंक आला असेल तर तो भाग सुटा करून बांबूच्या काडीने खरवडा. लाकडावर असतानाच पॉलिश कधीच नाही, पांढरी पेस्ट लाकडाच्या रेषांत जाऊन बसते आणि जन्मभर दिसते. रॅक-पिनियनच्या (फोकससाठी चौकट सरकवणारी दातेरी पट्टी आणि चक्र) दातांमध्ये घट्ट झालेलं जुनं ग्रीस असतं ते जुन्या टूथब्रशने आणि टर्पेंटाइनने काढा, नवीन ग्रीस अगदी बोटाच्या टोकाएवढं.

आता भाता, म्हणजे बेलोज, लेन्सची पाटी आणि मागची चौकट यांना जोडणारा घड्यांचा काळा बोगदा. इथे घिसाडघाई चालत नाही. पूर्ण अंधाऱ्या खोलीत जा, पाच-दहा मिनिटं डोळे अंधाराला सरावू द्या, भाता पूर्ण ताणा, लेन्सची जागा पुठ्ठ्याने बंद करा आणि मागून आत एलईडी टॉर्च घाला. मग बाहेरून चहूबाजूंनी बघा. भोकं जवळजवळ नेहमी घड्यांच्या कोपऱ्यांवर असतात, कारण उघडझाप होताना चामडं तिथेच सगळ्यात जास्त मुडपतं, आणि एक सापडलं की त्याच रांगेत वरखाली आणखी दोन-चार असतातच. टॉर्च तिरका करून पण बघा, समोरून न दिसणारं भोक तिरक्या उजेडात चमकतं. प्रत्येक ठिकाणी पांढऱ्या पेन्सिलने खूण करा. आणि फक्त भातावर थांबू नका, लेन्सच्या पाटीच्या कडा, भाता चौकटीला चिकटवलाय ती रेघ, मागच्या चौकटीचे सांधे, सगळीकडून टॉर्च फिरवा, कारण पुष्कळदा भाता ठणठणीत निघतो आणि गळती चौकटीच्या एखाद्या रिकाम्या स्क्रूच्या भोकातून असते.

बारीक भोकं असतील तर काळा फॅब्रिक पेंट आणि त्यात थोडा पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद मिसळून बारीक ब्रशने आतून पातळ थर द्या, एक वाळला की दुसरा. जाड थर एकदम दिला की तो घडीवर तडकतो. भाता ताणलेलाच ठेवून पूर्ण एक दिवस वाळवा आणि मग मिटायच्या आधी टाल्कम पावडर हलकीशी फिरवा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या वेळी उघडताना केलेली सगळी डागडुजी सोलून निघते. कोपराच फाटला असेल तर पातळ काळ्या कापडाचा छोटा तुकडा बाहेरून किंवा आतून चिकटवायचा, तुकडा घडीच्या रेषेला तिरका ठेवला तर चांगला वाकतो.

पण चामड्याला बोट लावलं की लालसर भुकटी येत असेल, घडीवर घडी सुटत असेल तर ठिगळं लावून काही होत नाही, नवीन भाता करा. अवघड वाटतं पण जिकिरीचं असलं तरी अवघड नाही. जुना भाता अख्खा काढा, खालच्या बाजूने शिवण असते तिथून कापून सपाट पसरा, तोच तुमचा नमुना. पट्ट्यांची रुंदी, संख्या, पुढचं आणि मागचं माप सगळं तिथे लिहिलेलंच आहे. आत पातळ काळं सुती अस्तर, त्यावर साधारण ०.३ मिमी जाड कार्डाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांमध्ये २ मिमी मोकळी जागा, आणि वरून पातळ अपारदर्शक काळं कापड किंवा पातळ चामडं. जाडीचा हिशेब कापायच्या आधी करा. तिन्ही थर मिळून ०.८ मिमी झाले आणि पट्ट्या ४० असतील तर मिटलेला भाता नुसता ३२ मिमी जाड, कोपऱ्यांचा फुगवटा वेगळा, आणि कॅमेरा मिटल्यावर आत तेवढी जागाच नसेल तर कॅमेरा बंद होणार नाही. त्यामुळे कापड घेतानाच पातळ घ्या. आणि खरं कापड कापण्याआधी साध्या कागदाचा एक अख्खा भाता घडी घालून बघा. कोपऱ्यावर घड्या कशा एकमेकींत जातात ते वाचून समजत नाही, हाताने दोन-तीन घड्या घातल्या की लगेच कळतं. चिकटवल्यावर मोठ्या टोकाकडून सुरुवात करून एकेक कोपरा चिमटीत दाबत या, सगळा मिटला की वजनाखाली रात्रभर ठेवा.

घशी काच, म्हणजे ग्राउंड ग्लास. मूळची असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन तीच वापरा. फुटली असेल तर घरी बनते, आणि विकतच्या पुष्कळ काचांपेक्षा चांगली बनते. २ मिमीची साधी काच मापाने कापून घ्या, शक्य असेल तर चारही कोपरे थोडे तिरके कापून घ्या, त्या कोपऱ्यांतून लेन्सकडे बघितलं की अ‍ॅपर्चरचं पूर्ण गोल दिसतंय की कापलेलं ते कळतं, म्हणजे लेन्स कोपऱ्यापर्यंत पुरतेय की नाही ते. कडा ओल्या पॉलिश पेपरने मोडून घ्या. मग काच सपाट जागी ओल्या कापडावर ठेवा, वर चमचाभर ४०० नंबरची सिलिकॉन कार्बाइडची पावडर आणि थोडं पाणी, आणि सात-आठ सेंटिमीटरचा दुसरा काचेचा तुकडा, त्याच्याही कडा मोडलेल्या, हलक्या हाताने इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहा. सुरुवातीला अंगावर काटा येईल असा करकर आवाज येतो, मग पावडर बारीक होत जाते तसा आवाज मऊ होतो, आवाज मऊ झाला की नवीन पावडर घ्या. दहा-पंधरा मिनिटांनी धुवा, वाळवा आणि दिव्याखाली तिरकी धरा. जिथे अजून चकाकतंय तिथे घासलं गेलेलं नाही. सगळीकडे सारखी झाली की ६०० नंबरने शेवटचा हात. सगळं काम ओलंच करायचं, काचेची कोरडी धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही. बसवताना घशी बाजू लेन्सकडे, हे विसरू नका, उलटी बसली तर काचेच्या जाडीएवढा फोकस चुकतो. चौकोन आखायचे असतील तर घशा बाजूवर पेन्सिलने आखा. आणि उजळ दिसावं म्हणून फ्रेनेल (बारीक गोल खाचांचं सपाट भिंग) लावायची असेल तर ती काचेच्या मागे, तुमच्या डोळ्याच्या बाजूला.

आता मुख्य प्रश्न, फिल्म कुठली आणि कशात. मूळ होल्डर चांगले असतील तर मूळ मापातच फोटो काढता येतात. इल्फर्ड ही फिल्म कंपनी वर्षातून एकदा हाफ प्लेट, फुल प्लेट अशा विचित्र मापांच्या ऑर्डर घेते. नाहीतर ८ बाय १० इंचाची शीट अंधारात कापली की तिच्यातून दोन हाफ प्लेट निघतात. एक्स-रे फिल्मही चालते, ती हिरव्या-निळ्या उजेडालाच लागते त्यामुळे लाल दिव्यात कापता येते, डेव्हलप करताना डोळ्यांनी बघता येते, फक्त बऱ्याचशा एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं आणि ते ओलं असताना नखानेही खरवडतं, म्हणून तळ गुळगुळीत असलेल्या ट्रेमध्ये एकावेळी एकच. प्लेट होल्डरमध्ये फिल्म नुसती घातली तर ती वाकते, तिला पत्र्याची पातळ फिल्म शीथ लागते, किंवा मूळ प्लेटच्या जाडीच्या काचेवर दुहेरी टेपने चिकटवायची. त्याचबरोबर होल्डरच्या सरकत्या झाकणाला मध्ये कापडाची बिजागरी असते, ती तडकलेली असते म्हणजे असतेच, तिथे बुकबाइंडिंगचं काळं कापड लावा.

होल्डर नसतील, किंवा रोजच्या वापराला सोपं हवं असेल तर ४ बाय ५ इंचाच्या फिल्मसाठी वेगळा मागचा भाग बनवा, माझं मत विचाराल तर हाफ प्लेट कॅमेऱ्याला हेच सगळ्यात शहाणपणाचं. कारण ४ बाय ५ चे होल्डर आणि फिल्म सगळ्यात सहज मिळतात, शिवाय इथे एक मोठी सोय आहे जी लोकांच्या लक्षात येत नाही. जुन्या होल्डरच्या ज्या खाचा आहेत त्यातच सरकेल अशी पाटी बनवायची आणि नवी घशी काचसुद्धा त्या पाटीवरच बसवायची. मूळ काच बिजागरीवर बाजूला वळवून ठेवायची किंवा काढून ठेवायची. असं केलं की जुन्या कॅमेऱ्याच्या मापाशी काही देणंघेणं उरत नाही, तुमच्या नव्या पाटीत काच आणि फिल्म एकाच अंतरावर आली की झालं, मग ती पाटी कॅमेऱ्यात अर्धा मिलिमीटर मागेपुढे असली तरी फरक पडत नाही.

ते अंतर किती? ४ बाय ५ च्या प्रमाणित होल्डरमध्ये होल्डरच्या पुढच्या पृष्ठभागापासून फिल्म जिथे टेकते तिथपर्यंतची खोली ०.१९७ इंच, म्हणजे ५ मिमी, कमीजास्त ०.१८ मिमी. त्यातून फिल्मची स्वतःची जाडी साधारण ०.१८ मिमी गेली की इमल्शन येतं ४.८ मिमीवर. म्हणजे पाटीच्या ज्या पृष्ठभागावर होल्डर टेकतो तिथून काचेची घशी बाजू ४.८ मिमी मागे हवी. माझा सल्ला, पुस्तकी आकड्यावर न जाता स्वतःच्या होल्डरमध्ये एक वाया गेलेली फिल्म घाला, वर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि व्हर्नियर कॅलिपरच्या मागच्या, खोली मोजायच्या काडीने चार कोपरे आणि मध्य असं पाच ठिकाणी मोजा, पट्टीची जाडी वजा करा. दोन-तीन होल्डर मोजून सरासरी धरा.

बनवायला चांगलं प्लायवूड किंवा कडक लाकूड. पहिला थर म्हणजे खाचेत सरकणारी पाटी, तिच्या कडा जुन्या होल्डरच्या कडांसारख्या, मध्ये साधारण ९६ बाय १२२ मिमीची खिडकी. होल्डरच्या एका टोकाला आडवी बारीक कड असते, ती बसायला पाटीत तेवढीच खाच कोरा, होल्डर पाटीवर ठेवून खूण करा म्हणजे चुकत नाही. ती खाच नसेल तर होल्डर एका बाजूने अधांतरी राहतो, फोकस तिरका येतो आणि उजेडही शिरतो, दोन्ही एकदम. दोन्ही बाजूंना होल्डरला वाट दाखवणाऱ्या पट्ट्या. त्यावर काचेची चौकट, जी स्प्रिंगच्या पट्ट्यांनी पाटीवर दाबून बसते आणि होल्डर आत सारला की उचलली जाते. स्प्रिंगला फॉस्फर ब्राँझच्या पट्ट्या उत्तम. काच जिथे टेकते ती कड मात्र ४.८ नाही, ४.५ मिमी ठेवा, उरलेलं कागदाच्या पट्ट्यांनी भरून काढायचं. साधा ८० ग्रॅमचा कागद साधारण ०.१ मिमी असतो, म्हणजे तीन कागद. कागद वाढवणं कमी करणं सोपं, जास्त जाड राहिलेली कड घासत बसणं वैतागाचं. आतली बाजू फळ्याच्या मॅट काळ्या रंगाने रंगवा, होल्डर टेकतो त्या पृष्ठभागावर मात्र रंगाचे जाड थर देऊ नका, आणि फेल्ट लावायचं असेल तर बाजूच्या पट्ट्यांना, टेकण्याच्या जागी नाही.

सुतारकाम जमत नसेल तर एखाद्या मोडक्या मोनोरेल (एकाच दांडीवर सरकणाऱ्या) कॅमेऱ्याचा ४ बाय ५ चा मागचा भाग घ्या आणि पाटीवर चार स्क्रूंनी बसवा, त्यात काचेचं अंतर कारखान्यातूनच जुळवलेलं असतं. एकच तोटा दोन्हींत आहे, फिल्म मूळ जागेपेक्षा पाटीच्या जाडीएवढी मागे जाते, त्यामुळे खूप वाइड लेन्स लावायची असेल तर भाता तेवढा मिटतो का ते आधी बघा.

लेन्सचं बघू. हाफ प्लेट कॅमेऱ्यावर ४ बाय ५ साठी १५० ते २१० मिमी लेन्स झकास बसते, ४ बाय ५ चा कर्ण साधारण १५३ मिमी असतो. भली मोठी आधुनिक लेन्स मोठ्या शटरसकट लावली तर नाकापेक्षा मोती जड, पुढची चौकट मान टाकते. लेन्सची पाटी ३-४ मिमी प्लायची नवीन बनवा, जुनी जपून ठेवा. शटरसकट लेन्स असेल तर कोपल ० या मापाच्या शटरला ३४.६ मिमीचं भोक लागतं, कोपल १ ला ४१.६. जुनी पितळी लेन्स आली असेल तर ती बहुतेक रॅपिड रेक्टिलिनियर, हे डिझाइन १८६६ मधलं, एफ ८ ची, पुढे-मागे सारखेच दोन भाग. हातानेच फिरवून निघतात, आतून-बाहेरून मऊ ब्लोअर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओला कापूस. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर आतला बाल्सम (लेन्सच्या काचा जोडणारा गोंद) सुटायला लागलाय, फोटोवर फारसा फरक पडत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका.

लेन्सवर ४, ८, १६, ३२, ६४ असे आकडे असतील तर सांभाळा, ते आपले नेहमीचे एफ नंबर नसावेत, जुन्या युनिफॉर्म सिस्टिमचे असू शकतात. त्यात ४ म्हणजे एफ ८, ८ म्हणजे एफ ११, १६ म्हणजे १६च, ३२ म्हणजे एफ २२ आणि ६४ म्हणजे एफ ३२. खात्री करायची तर समोरून दिसणाऱ्या भोकाचा व्यास मोजा आणि फोकल लेंथला त्याने भागा. फोकल लेंथ माहीत नसेल तर समोर पट्टी ठेवा आणि काचेवर ती तेवढ्याच आकाराची दिसेपर्यंत कॅमेरा आणि भाता हलवा, मग पट्टी ते काच हे अंतर भागिले चार, साधारण तेवढी फोकल लेंथ. याच स्थितीत भाता फोकल लेंथच्या दुप्पट ताणलेला असतो आणि एक्स्पोजर चौपट लागतं, म्हणजे जवळचे फोटो काढताना भात्याची लांबी भागिले फोकल लेंथ, आणि त्याचा वर्ग, हा हिशेब करावाच लागतो.

शटर नसलं तरी अडत नाही. फोटोपेपरचा निगेटिव्ह म्हणून वापर केला तर त्याचा वेग साधारण आयएसओ ६ धरायचा, कडक उन्हात एफ ३२ ला पाऊण सेकंदाच्या आसपास, एफ ४५ ला सव्वा सेकंद, म्हणजे हाताने टोपी काढून लावता येते. जुनं रोलर ब्लाइंड (गुंडाळत्या पडद्याचं) शटर आलं असेल तर त्यातलं रबरी कापड तडकलेलं असतं, ते बदलायला लागेल, दोरी पण. काम्पूर वगैरे शटरचे सावकाश वेग अडकत असतील तर तेल घालू नका, लायटरच्या पेट्रोलने सफाई, तीही जमत असेल तरच. वेग तपासायला मोबाईलचा २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ पुरतो, १ सेकंदाला २४० फ्रेम उघडं दिसलं पाहिजे. १/३० च्या पुढे मात्र या पद्धतीवर विसंबू नका.

ट्रायपॉडचं एकच, जुन्या फील्ड कॅमेऱ्याच्या तळाला पितळी गोल चकती असते ज्यात मूळचे तीन पाय अडकायचे. ते पाय सहसा हरवलेले. त्या गोलात बसेल अशी प्लायवूडची चकती कापा, मध्ये ३/८ इंचाची चाकी (नट) बसवा आणि आतून मोठ्या वॉशरने धरा. मूळ पितळाला भोक पाडायचं नाही.

सगळं जोडून झालं की आधी सगळ्या हालचाली (चौकटी वरखाली किंवा तिरक्या करायच्या) शून्यावर आणून पुढच्या पाटीपासून मागच्या पाटीपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांवर पट्टीने मोजा. सारखं नसेल तर कुठला खटका नीट बसत नाही ते शोधा, पातळ पितळी पत्र्याचा तुकडा घालून बसवता येतो. मग उजेडाची परीक्षा. होल्डरमध्ये फोटोपेपर घाला, लेन्सवर टोपी, डार्क स्लाइड (होल्डरचं सरकतं झाकण) बाहेर, आणि कॅमेरा पाच मिनिटं उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवा. पेपर डेव्हलप करा. काळ्या डागाचा आकारच सांगतो गळती कुठे आहे ते. कडेपासून आत येणारा पट्टा असेल तर होल्डर नीट टेकत नाहीये, एका बिंदूपासून पंख्यासारखा पसरत असेल तर भात्याला भोक, आणि सगळीकडे सारखी करडी छटा असेल तर लेन्सच्या पाटीच्या कडा बघा, अर्थात तुमचा लाल दिवाच जास्त नाही ना हे आधी बघा.

शेवटी फोकसची परीक्षा. लांब पट्टी किंवा आकडे लिहिलेल्या बाटल्यांची तिरकी रांग लावा, मधल्या आकड्यावर भिंगाने बघून लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करा आणि फोटो काढा. मधला आकडा सगळ्यात स्पष्ट आला तर जिंकलात. जवळचा आकडा स्पष्ट आला तर फिल्म काचेपेक्षा मागे आहे, म्हणजे काच मागे न्यायला हवी, एक कागद वाढवा. लांबचा स्पष्ट आला तर एक कागद काढा. एका वेळी एकच कागद, आणि प्रत्येक वेळी तोच होल्डर, तीच बाजू, नाहीतर होल्डरमधला फरक तुम्ही काचेत दुरुस्त करत बसाल. एकदा मधला आकडा आला की बाकीच्या होल्डरांवर एकेक फोटो काढा, जो होल्डर वेगळं काही दाखवेल त्यावर खूण करून बाजूला ठेवा. उघड्या एफ ८ ला फिल्म पाऊण मिलिमीटर इकडेतिकडे गेली तरी सहसा डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे एक-दोन कागदांवरून झोप उडवून घेऊ नका, पण पोर्ट्रेटसाठी एफ ४.५ ची लेन्स लावणार असाल तर तिच्यावर ही परीक्षा पुन्हा घ्या.